एकच हाक

रूथ गावितच्या घरून रोज सकाळी एक डबा भरून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी रिकामा, घासूनपुसून लख्ख होऊन परत यायचा. बापलेकीत बोलणं म्हणाल तर एवढंच उरलं होतं. आता डबा काय बोलणार? भाकर करपली होती का, मीठ जास्त पडलं का, खोकला कसा आहे, यातलं डब्याला काही सांगता येत नाही. तरी रूथ तो हातात घ्यायची आणि झाकण काढून बघायची. आत काही नसायचं.

डब्याची ने-आण कौसाबाई करायची. ती मूळची शहाद्याकडची, बोली अहिराणी. पण नवऱ्याच्या मागं या पाड्यात किराणा दुकान घालून बसली, त्यात तिचेही केस पिकले. खांडबाऱ्याहून येणारी सडक जिथं टेकडीखाली संपते तिथं तिचं दुकान. दुकानाच्या ओट्यावर बसलं की समोरच्या टेकडीवरचं रूथचं अंगण सगळं दिसतं. रूथ सकाळी भरलेला डबा दुकानात ठेवायची आणि आदल्या दिवशीचा रिकामा उचलायची. शेळ्या घेऊन कौसाबाई नाल्यापलीकडे जायची, जाता जाता डबा द्यायची. नाल्यापलीकडे तुरीचं शेत, शेताच्या कडेला खोपट, आणि खोपटात रूथचा बाप इमॅन्युएल. स्वतःचं कौलारू घर दोन पावलांवर असताना म्हातारा खोपटात का राहतो, हे कौसाबाईनं कधी विचारलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिसऱ्यानं मध्ये बोट घालू नये, असं तिचं मत. एरवी गावभरच्या भानगडीत नाक खुपसणारी ही बाई नेमकी इथंच शहाण्यासारखी वागली, आणि तिथंच घोटाळा झाला.

गोष्ट भादव्यापासूनची. रूथची आई धनीबाई तापानं गेली. रूथ तेव्हा बंगळुरात नोकरीला होती. ती सुरतेवरून गाडी बदलत, बसायला जागा नाही म्हणून दारात उभी राहत खांडबाऱ्याला उतरली, तेव्हा मातीवर क्रूस रोवून झाला होता. लोक अंगणात बसले होते, चर्चचे पाळकही होते, आणि या मुलीनं आल्या आल्या बापाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप कधी आला? कुठल्या दवाखान्यात नेलं? सुई कसली दिली? तिथून पुढं नंदुरबारला का नाही नेलं? मला फोन आधी का नाही केला?

इमॅन्युएल एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देत होता. ताप कधी आला म्हटलं तर म्हणाला, "कोंबड्या बाहेर होत्या." सुई कुठली म्हटलं तर म्हणाला, "तिनं पाणी मागितलं." रूथ चिडली. रडू दाबायला माणसाला चिडणं फार सोयीचं पडतं. "बा, सरळ सांग ना. मी एकेक विचारतेय, तू एकेक सांग," असं ती चारचौघांत म्हणाली. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच संध्याकाळी त्यानं गोधडी काखेत मारली आणि तुरीची राखण करायला जातो म्हणून निघून गेला. भादव्यात तुरीची राखण! तुरीला तेव्हा फूलही आलं नव्हतं.

बापलेक आपसात इथल्या डोंगरातली कोकणी बोलत, गोव्याची नव्हे. मी ते आपल्या मराठीत सांगतोय, एवढं लक्षात असू द्या.

रूथनं कंपनीला कळवलं की वर्ष संपेपर्यंत घरूनच काम करते. बाप येईल, चार दिवसांत राग उतरेल, असा तिचा हिशेब. तो उतरला नाही. तेव्हा एक दिवस ती स्वतः खोपटाकडे गेली. आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

या डोंगरात घराला घर लागून नसतं. ज्याची त्याची टेकडी. कुणाकडे गेलं की अंगणाच्या कडेला, कुडाच्या फाटकापाशी थांबायचं आणि हाक द्यायची. एकच. आतून 'ये' आलं की आत जायचं. नाही आलं तर जरा थांबून आल्या पावली परतायचं. दुसरी हाक द्यायची नाही. इथं वाळलं पान पडलं तरी ऐकू येतं, मग माणसाची हाक ऐकू आली नाही असं होईलच कसं? उत्तर आलं नाही म्हणजे आत काहीतरी चाललंय. बाळंतीण असेल, भांडण असेल, कुणी रडत असेल. ते आपल्यासाठी नाही. दोनदा हाक मारणारा माणूस एक तर निर्लज्ज, नाहीतर सरकारी, असं या पाड्यात म्हणतात.

रूथ खोपटाच्या बाहेर थांबली. बापाच्या वहाणा दारात होत्या, चुलीचा धूर निघत होता. तिनं "बा" म्हणून हाक दिली. आत भांडं हललं आणि थांबलं. उत्तर आलं नाही. एवढी शिकलेली, विमानानं हिंडलेली बाई, पण दुसरी हाक काही तिच्या घशातून निघेना. ती परत आली. त्या दिवसापासून डबा सुरू झाला.

राहिलं घर आणि घरात ती एकटी. या एकटेपणाची गंमत अशी की त्याला आवाज होता. पहाटे कोंबड्यांचं खुराडं उघडल्याचा, भाकरी थापल्याचा, कुणाला तरी उगाच रागावल्याचा, असे आईचे सगळे आवाज घरातून गेले होते आणि त्यांच्या जागा मात्र तशाच राहिल्या होत्या. त्या त्या वेळी रूथचे कान उभे राहायचे. शेवटी तिनं बंगळुराहून आणलेले मोठे हेडफोन काढले. कानावर चढवले की बाहेरचा आवाज मारून टाकणारे. गाणं नाही, काही नाही. नुसतेच घालून ती दारात उजेडाला बसायची आणि काम करायची. संध्याकाळी तर घालायचीच, कारण संध्याकाळ फार वाईट जायची.

काम काय करते, हे पाड्यात तिला कुणाला नीट सांगता येत नसे. "कॉम्प्युटरच्या आत," एवढंच म्हणायची. संगणकाचा अगदी गाभ्याचा जो प्रोग्राम असतो, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, त्यातलं तिचं काम. त्यातली एकच गोष्ट आपल्याला लागणार आहे, ती घाबरण्यासारखी नाही.

संगणकात कुठली वस्तू कुठं ठेवली आहे हे शोधायचं तर पत्त्यानं जावं लागतं. पत्ता पायरीपायरीनं उलगडतो. पहिला तक्ता सांगतो, तालुका अमुक, पुढचा तक्ता तिथं बघ. तो सांगतो गाव, त्याच्या खालचा सांगतो पाडा, आणि शेवटी घर मिळतं. पण कधी कधी मधल्याच पायरीवर पुढचा तक्ता नसतोच. तिथं लिहिलेलं असतं की इथून पुढचं सगळं मिळून एक आख्खं आहे, त्याची वेगवेगळी घरं पाडलेली नाहीत. वेळ वाचावा म्हणून यंत्रं असं करतात, त्यात चूक काही नाही. चूक होते ती शोधणाऱ्याची. खाली तक्ता असणारच या भरवशावर तो आंधळेपणानं उतरतो, त्या आख्ख्यात जे काही पडलेलं असेल त्यालाच पत्ता समजून वाचतो, आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. तो एकटा पडत नाही, सगळं यंत्र घेऊन पडतो.

रूथच्या कंपनीचे छोटे संगणक दूध संकलन केंद्रांवर टाक्यांचं तापमान मोजायला बसवलेले होते. नव्या संगणकांत स्मृती जास्त, त्यामुळे असे आख्खे तुकडेही जास्त, आणि ते धडाधड बंद पडायला लागले होते. दुरुस्तीचं काम रूथकडे आलं. तिचा स्वभाव असा की मोठं काही दिसलं की आधी तुकडे करायचे, मग एकेक हातावेगळा करायचा. तिनं तेच लिहिलं. आख्खं सापडलं की त्याची छोटी छोटी पानं पाडायची आणि मग खाली उतरायचं.

हे असलं लिहिलेलं आधी बाकीचे जाणकार तपासतात. तिचं तपासणारा माणूस कुठल्याशा बर्फाच्या देशातला होता. त्याचा चेहरा तिनं पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. म्हातारा आहे हेही तिनं आपलं मनानंच ठरवलेलं. तरी त्या थंडीत तिच्याशी सगळ्यात जास्त बोललेला माणूस तोच होता. त्याचं उत्तर आलं ते असं: तो तुकडा तुझा नाही. त्यावर आणखी कुणी उभं असेल, त्याच्या पायाखालची जमीन तू काढून घेशील. फोडू नकोस. आत उतरूही नकोस. थांब, एकदा सांग की इथं असं आहे, आणि रिकाम्या हातानं परत ये.

रूथ एकटीच हसली. बर्फातला हा बाबा तर आपल्या पाड्यात वाढल्यासारखा बोलतोय, असं तिला वाटलं. तिनं सगळं खोडून पुन्हा लिहिलं. प्रत्येक पायरीवर आधी बघायचं. आख्खं आडवं आलं तर थांबायचं, नोंदीत एक ओळ लिहायची, तीही एकदाच, आणि परतायचं. बर्फातल्या म्हाताऱ्यानं ते मान्य केलं. यंत्रं बंद पडायची थांबली. कंपनीनं कौतुक केलं आणि त्याच पत्रात विचारलं की आता परत कधी येतेस.

ती कुणासाठी थांबली होती? डब्यासाठी? तूर कापणीला आली तरी बाप काही घराकडे फिरकला नव्हता. रविवारच्या उपासनेतही त्याची जागा रिकामी असायची. रूथनं सोमवारी पहाटेच्या सुरतेकडच्या गाडीचं तिकीट काढलं. घराला कुलूप लावायचं, किल्ली कौसाबाईकडे द्यायची. एकदा कुलूप लागलं की हे घर पुन्हा उघडणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. रविवारपर्यंत बाप आला तर आला, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि हे ती बापाला मात्र सांगायला गेली नाही.

शनिवारी फोन आला नवलसिंगचा. तापीकाठच्या एका दूध केंद्रावर तो यंत्रं बघायचा.

"ताई, तुम्हनं मशीन आते बंद पडत नही," तो म्हणाला, "पन टाकीनं तापमान इचारं की कोरंच येस."

"नोंदीत काही तक्रार दिसतेय?"

"काहीच नही. सगळी नोंद मी पाही लिधी. एक अक्षर नही."

रूथला हे पटेना. रिकाम्या हातानं परत यायचं तर आधी सांगायचं, हे तिनं स्वतःच लिहिलं होतं. तिनं त्याला मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. "आणि पहिल्यापासून बघत रहा. मध्ये चहाला जाऊ नका," असंही बजावलं.

"ऊनी," थोड्या वेळानं नवलसिंग म्हणाला. "एक ओय ऊनी." आणि त्यानं ती अक्षर अक्षर लावत वाचली. रूथचीच ओळ होती ती. मोठा तुकडा आडवा आला, पुढं गेलो नाही.

"हीच रोज येत असणार," रूथ म्हणाली. "म्हणजे रोज नाही. चालू झाल्यावर पहिल्या वेळी येते, मग येत नाही. नव्या नोंदी आल्या की जुन्या वाहून जातात, त्यांच्याबरोबर तीही जाते."

"म्हंजे घडस रोज, पन बोलस फक्त पहिला दाव?"

"हो. दर वेळी बोलायला लागलं तर नोंद तेवढ्यानंच भरून जाईल."

"ते बी खरं शे." नवलसिंग म्हणाला. "पन पहिला दाव आयकाले कोनी नही ऱ्हायनं, तं?"

रूथ म्हणाली, मी बघते. फोन ठेवून तिनं विचार केला. तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. एकदाच न सांगता, मध्ये बराच वेळ जाऊ देऊन पुन्हा पुन्हा सांगायचं, अशी सोय करता येते. जायच्या आधी एवढं उरकून टाकावं, असं तिनं ठरवलं. दुरुस्ती ती यंत्राचीच समजत होती.

रविवारी उपासनेहून आल्यावर तिनं बॅग भरली, ती भिंतीला टेकवून ठेवली आणि हेडफोन घालून दारात कामाला बसली. दुपार उतरणीला लागली होती. एवढ्यात खांद्यावर हात पडला आणि ती दचकून उठली. शेजारी कौसाबाई, हातात घासलेला डबा. रूथ उद्या जाणार म्हणून आज ती तो स्वतःच वर घेऊन आली होती.

"काय वं, कानमा काय घाली ठेवं शे?" कौसाबाई म्हणाली. "मी तठेथून हाक मारी. तू तं ढिम्म."

"ऐकू आलं नाही काकू."

"गाना आयकस का?"

"गाणं नाही. काहीच नाही. आवाज येऊ नये म्हणून घालते."

"आवाज?" कौसाबाईनं अंगणभर नजर फिरवली. समोर वाळत घातलेली मिरची, पलीकडे सागाची झाडं, बाकी चिटपाखरू नाही. "आठे कोनता आवाज शे?"

याला रूथ काय सांगणार? तिनं हेडफोन काढून कौसाबाईच्या हातात दिले. कौसाबाईनं ते उलटसुलट करून पाहिले आणि हौसेनं स्वतःच्या कानावर चढवले. हातातल्या बांगड्या वाजवून पाहिल्या. पुन्हा वाजवल्या. मग बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं बोलायला लागली, "हाई तं कायच आयकू येत नही! मन्हं बोलनं मलेच आयकू येत नही!" रूथला हसू आलं. किती दिवसांनी घरात कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

मग कौसाबाई बोलता बोलता थांबली. तिनं हेडफोन हळूच काढले आणि हातात धरले. तिचा चेहरा बदलला होता.

"तू रोज संध्याकायले हाई घालीसन बसस?"

"हो."

"पहिलापासून?"

"आई गेल्यापासून. का गं काकू?"

कौसाबाई उंबऱ्यावर बसली. "मंग तुले माहीतच नही," ती म्हणाली. "तुन्हा बाप येस ना वं. रोज येस. दिवाईना आगोदरपासून येस. तठे फाटकजोडे उभा ऱ्हास. पहिला दिन त्यानी हाक मारी, मी दुकानमाथून मन्हा कानघाई आयकी. तू आठे दारमाच बठेल व्हती, उजेडमा तुन्हं तोंड दिसे. तू वर बी नही पाहं. मंग तो चालना गया."

रूथ फाटकाकडे बघत राहिली.

"दुसरा दिन परत ऊना," कौसाबाई म्हणाली. "हाक नही मारी. नुसता उभा ऱ्हायना नि गया. आते रोज तसंच. मन्हा मनले वाटनं, तू जानीसन बोलत नही. जशी आय, तशी पोर रागनी शे, मी कसाले मधमा पडू."

"तू मला का नाही सांगितलंस काकू?"

"मले काय माहीत, हाई कानना झाकन शे म्हनीसन?"

रूथ तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. रोज घडतं, पण बोलतं फक्त पहिल्या वेळी. काल हेच तिनं फोनवर किती सहज सांगितलं होतं. ज्या घराला त्यानं हातानं कूड घातला त्याच्या कडेला बाप पाहुण्यासारखा उभा राहिला, रीतीप्रमाणे एक हाक दिली, आणि मुलीनं मान वर केली नाही. खोपटापाशी आपण उत्तर दिलं नव्हतं, त्याची तिनं फेड केली, असंच त्याला वाटलं असणार. आणि एवढं वाटूनही तो रोज येत राहिला.

"मी उद्या जाणार, हे त्याला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"काल मीच सांगं."

"काय म्हणाला?"

"काहीच नही म्हनना. डबा घासी ऱ्हायना व्हता. तो घासतच ऱ्हायना."

कौसाबाई गेल्यावर रूथनं हेडफोन बॅगेत अगदी तळाशी घातले. दार सताड उघडलं, दिवा लावला आणि उंबऱ्याच्या आत पाटावर बसली. ऊन गुजरातकडच्या डोंगरामागं गेलं. आज नेमका तो आला नाही तर? जाणार हे कळल्यावर कशाला येईल? भीती म्हणजे काय हे तिला त्या घटकाभरात कळलं. काय बोलायचं ते तिनं मनातल्या मनात जुळवून पाहिलं. बा, थंडी वाजते का, खोकल्याचं औषध घेतोस का, आईच्या त्या रात्री नेमकं काय झालं. जुळवता जुळवता ती थबकली. पुन्हा तेच. भादव्यात ती अशीच एकेक पायरी उतरत गेली होती, खाली एकेका प्रश्नाचं एकेक उत्तर मांडून ठेवलेलं असणार या भरवशावर. त्याच्याकडे तशी मांडणी नव्हतीच. त्याच्याकडे एक आख्खं होतं, आणि ती त्यात हात घालून येईल ते वाचत होती आणि वर म्हणत होती की सरळ सांग. दुसऱ्याच्या यंत्राची तिनं इतकी काळजी घेतली, बापाची घेतली नाही.

तो आला तेव्हा पावलांचाही आवाज झाला नाही. तिनं मान वर केली तर फाटकापाशी उभा होता. डोक्याला मफलर, हातात काठी. आधीपेक्षा वाळला होता. तो दाराकडे बघत होता, पण ती बघतेय हे काही त्याच्या लक्षात आलं नसावं, कारण तो तसाच उभा राहिला. हाक मारली नाही. आता रीत अशी की हाकेशिवाय आतल्यानं उत्तर द्यायचं नाही. बाहेरचा नुसता वाटेनं जात असेल. पण दिवाळीआधीची एक हाक रूथकडे बाकी होती.

"हो बा," ती म्हणाली. "ये."

इमॅन्युएलनं मागं वळून पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाशी बोलतेय.

"मी हाक नाही मारली," तो म्हणाला.

"मारली होतीस. मला उशिरा ऐकू आली."

तो फाटक ढकलून आत आला, पण घरात आला नाही. अंगणातल्या मिरची कुटायच्या दगडावर बसला. रूथनं पाणी आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसली. तिच्या जिभेवर पन्नास प्रश्न होते. सगळे गिळून ती गप्प राहिली. मूग गिळून बसणं किती अवघड असतं, ते प्रश्न विचारायची सवय असलेल्यालाच ठाऊक. खाली कौसाबाईच्या दुकानात दिवा लागला. कुठंतरी कुणीतरी शेळीला हाकलत होतं. म्हाताऱ्यानं पाणी पिऊन तांब्या बाजूला ठेवला.

"कोंबड्या बाहेर होत्या," तो म्हणाला.

रूथनं मान हलवली.

"रात्रभर तिच्या उशाशी होतो. पहाटे डोळा लागला. जाग आली तर कोंबड्या अंगणात. म्हणजे ती उठून खुराडं उघडून आली होती, आणि परत निजली होती. मला वाटलं, चला, ताप उतरला." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "म्हणून मी पुन्हा झोपलो, रूथ."

मग? मग कधी जाग आली? ती तेव्हा होती का? पाणी तिनं कधी मागितलं, आधी की नंतर? हे सगळं रूथच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. ती उतरली नाही. तिनं फक्त बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हातारा रडला नाही. रूथच रडली, आणि त्यानं तिला रडू दिलं. आई गेल्यापासून दोघं एका ठिकाणी बसून तिच्यासाठी पहिल्यांदाच गप्प होते.

अंधार पडल्यावर तिनं नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. तो दाराच्या आत येऊन जेवला. जेवताना त्याची नजर भिंतीला टेकलेल्या बॅगेकडे गेली आणि परत ताटाकडे आली. जेवण झाल्यावर तो ताट घासायला उठला, तिनं ते हातातून काढून घेतलं. मग त्यानं मफलर गुंडाळला. खोपटापाशी तूर कापून पडलेली, रानडुकरं येतात, जायला हवं, असं म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

फाटकापर्यंत गेला आणि तिथं थांबला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"उद्या संध्याकाळी येईन," तो म्हणाला. "दोनदा हाक मारीन."

"दोनदा?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणोत." काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. "तू नसलीस तरी मारीन."

रूथ दारात उभी होती. तिच्या मागं घर शांत होतं आणि पहाटेची गाडी फार लांब नव्हती.

"असेन बा," ती म्हणाली.